हाताचा गुण

पलीकडच्या खोलीत डॉक्टरांनी कुणाची तरी मान मोडली आणि दर्शनाच्या हातातला चहा शालीवर सांडला. मान मोडली म्हणजे काही वाईट केलं असं नव्हे. दादरच्या गोखले रोडवरच्या त्या 'ताठ' नावाच्या क्लिनिकात दिवसाला वीस-पंचवीस माना मोडल्या जात आणि माणसं हसत बाहेर येत. दीड वर्षं ती हा आवाज ऐकत होती. त्याच्यावर तिने लेखसुद्धा लिहिला होता, 'कड् असा आवाज आला म्हणजे हाड मोडलं का?' नाही, मोडत नाही, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो, घाबरू नका, अपॉइंटमेंटसाठी इथे क्लिक करा. चारशे शब्दांत लोकांना घाबरू नका म्हणून सांगणारी ही बाई आज सकाळी सव्वादहाला स्वतःच इतकी दचकली की तिची जीभ दाताखाली आली. तोंडात रक्ताची खारट चव घेऊन तिने शालीची घडी फिरवली, डाग आत जाईल अशी. तासाभराने ही शाल जयवंत घाडी यांच्या खांद्यावर पडायची होती. वय अडुसष्ट, राहणार लालबाग, एके काळी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलेले, पुढे रखवालदार, आणि चाळीस वर्षं दर रविवारी चाळीच्या गॅलरीत बसून लोकांची निखळलेली हाडं फुकट बसवणारे. निमंत्रणपत्रिकेत असं छापलं होतं. पत्रिका दर्शनानेच लिहिली होती. जयवंत घाडी तिचे वडील होते, आणि चार वर्षं ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

हे सगळं तिनेच स्वतःवर ओढवून घेतलं होतं, दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नव्हती. डॉक्टर उन्मेष तसे गोड माणूस. गिरगावात वाढलेले, कायरोप्रॅक्टिक परदेशात शिकून आलेले, आणि इथे आल्यावर त्यांना कळलं की कायरोप्रॅक्टर म्हणजे काय ते दादरमध्ये कुणालाच ठाऊक नाही. एका गृहस्थाने मणका तपासून झाल्यावर डोक्याला चंपी किती वेळ करणार म्हणून विचारलं होतं. मग लोकांना शिकवायला ब्लॉग काढायचा ठरला. दर मंगळवारी एक लेख, तोही मराठीत. दर्शना एका जाहिरात कंपनीतून बाहेर पडून घरीच लिहायची कामं घेत होती, तिला हे काम मिळालं. उशी केवढी जाड असावी. मोबाइल बघताना मान किती वाकते. कायरोप्रॅक्टिक म्हणजे मसाज नव्हे. लेख चांगले होते, पण वाचत कोण होतं? डॉक्टरांच्या आई ललिताबाई गिरगावातून प्रत्येक लेख दोनदा वाचत आणि खाली 'छान, उपयुक्त' असं लिहीत. बाकी शुकशुकाट. एक दिवस डॉक्टर म्हणाले, "दर्शना, लोक माहिती वाचत नाहीत गं. गोष्ट वाचतात. आपल्याकडे गोष्टच नाहीये." त्या दुपारी घोडपदेवच्या आपल्या खोलीत, शेजारी आई झोपलेली असताना, दर्शनाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एका बैठकीत गोष्ट लिहून टाकली.

गॅलरीतला लाकडी बाक तिने लिहिला. वाटीत गरम केलेलं तेल, आंबेहळद, बांबूच्या कामट्या, गिरणीतून आणलेल्या कोऱ्या कापडाच्या फाडलेल्या पट्ट्या. कुणाचं मनगट, कुणाचा घोटा, कुणाचा गोविंदाच्या थरावरून पडून निसटलेला खांदा. आणि मुख्य म्हणजे वडिलांची पद्धत लिहिली. ते आधी हात नुसता धरत. मग गप्पा मारल्यासारखा एक प्रश्न विचारत. गावाक कधी गेल्लास? पोरगी कितवीत आसा? माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो तेव्हा त्याचं अंग क्षणभर स्वतःला विसरतं. त्याच क्षणी झटका. उत्तर अर्धं तोंडात आणि हाड जागेवर. चाळीत सगळे म्हणत, ह्या मामांच्या हाताला गुण आहे. तिने एका अकरा वर्षांच्या मुलीचाही प्रसंग घातला. खांदा निखळलेला, वेदनेने पांढरीफटक पडलेली. त्यांनी तिला विचारलं, शाळेत कितवो नंबर इलो? ती म्हणाली, 'तिस...' आणि झालं. नंतर त्यांनी तिला शेव आणून दिली आणि तिच्या केसांवरून हात फिरवताना त्यांचेच डोळे भरून आले. शेवटी तिने एक धंद्याचं वाक्य टाकलं, की त्या हातांना जे उपजत कळत होतं तेच आज शास्त्र म्हणून शिकवलं जातं, आणि खाली अपॉइंटमेंटचं बटण. लिहिताना ती हमसून हमसून रडली. असा बाप तिला हवा होता आणि सातशे शब्दांपुरता तो तिला मिळाला. आश्चर्य म्हणजे त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

ती अकरा वर्षांची मुलगी ती स्वतः होती. त्या रविवारी ती बाकाशेजारी पट्ट्यांची गुंडाळी करत बसली होती, आणि करी रोडहून आलेल्या एका घाबरट माणसाची तिला दया आली. बाबांनी त्याला प्रश्न विचारला तशी ती म्हणाली, "काका, आता ओढणार हां." माणूस ताठरला, झटका चुकला, तो असा ओरडला की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. बाबांनी त्याला शांत केलं, पुन्हा तेल लावलं, मनगट बसवलं, हात जोडून निरोप दिला. मग आत येऊन दाराला कडी लावली. "जास्त कळता तुका?" एवढंच म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. तिचा उजवा हात मनगटाशी धरून त्यांनी तिला जमिनीवरून उचललं, ओलं कापड उचलावं तसं, आणि एकदा झटकलं. आधी आवाज आला आणि मग वेदना, हा क्रम तिच्या अजून लक्षात होता, कारण त्या दोहोंच्या मधे तिला वाटलं होतं की घरात दुसरंच काहीतरी मोडलं. तिला उलटी झाली. बाबांनी ती पुसली. बाबांनीच तिला बाकावर नेऊन बसवलं, चाळीतल्या बायका जमल्या, बाबांनी नंबर विचारला, खांदा बसवला. शेजारची रखमा म्हणाली, नशीब गो चेडवाचा, घरातच वैद्य. सगळ्यांनी माना डोलावल्या. दर्शनानेही डोलावली.

आईचा उजवा खांदा तीनदा निखळला होता आणि डावा एकदा. डाव्याची गोष्ट चार वर्षांपूर्वीची. बाबा बाहेर गेले असताना घोटा मुरगळलेली एक बाई आली, रडत होती, म्हणून आईने तिला तेल लावून पट्टी बांधून दिली. चाळीस वर्षं बघून बघून शिकलेली होती ती. पुढच्या रविवारी त्या बाईने भर गॅलरीत सांगितलं, मामा, तुमच्यापेक्षा रमाबाईंच्या हाताला जास्त गुण आहे हो. ती हसली, बाकीचे हसले, बाबाही हसले. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी आईचा डावा हात मागे नेला. "आता बांध बघूया पट्टी," म्हणाले. त्या खेपेला त्यांनी तो लगेच बसवला नाही. पाच वाजेपर्यंत तसाच ठेवला आणि स्वतः वर्तमानपत्र वाचत बसले. आईने हे दर्शनाला तिसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, तेही असं, की जराशी वेळ लागली ह्या टायमाक. दर्शना टॅक्सी घेऊन गेली आणि आईला दोन साड्यांनिशी घोडपदेवला घेऊन आली. ही तिच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट होती जी तिने पुरी करून दाखवली होती. लग्न नाही, नोकरी धड नाही, पण आई तिने बाहेर काढली. चार वर्षांत आई जाड झाली, दुपारी घोरायला लागली, समोरच्या कांताबरोबर भाजीला जाताना मोठ्याने हसायला लागली. ते हसू जिन्यावरून ऐकू आलं की दर्शनाला आपण कुणीतरी आहोत असं वाटे.

आणि तिनेच ते घालवायला घेतलं. गोष्टीत आधी नुसतं 'ज. घा.' होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे कोण? ती म्हणून गेली, माझे वडील. "मग पूर्ण नाव घाल ना! खरा माणूस आहे म्हटल्यावर लोक दुप्पट वाचतात." त्या वेळी नाही म्हणायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप नव्हतं. पण डॉक्टर तिच्याकडे, अशा माणसाची मुलगी म्हणून, कौतुकाने बघत होते आणि ते कौतुक सोडवेना. नाव गेलं, जुना फोटो गेला. मंगळवारी लेख लागला आणि शुक्रवारपर्यंत रिसेप्शनवरच्या नूपुरला फोन घ्यायला उसंत राहिली नाही. ब्लॉग वाचून फोन केला, ते मामांसारखं बसवतात ते हेच का डॉक्टर? पुढच्या पाच आठवड्यांच्या वेळा भरल्या. लेख फिरत फिरत भावकीच्या ग्रुपवर पोचला, तिथून गावी, तिथून परत मुंबईला. बाबांचे चुलतभाऊ बुधाजीकाका घोडपदेवला येऊन बसले. "वयनी, असलो देवमाणूस टाकून तू चेडवाकडे रवतंस? ह्या वयात तो हातान भात शिजवता. लोक काय म्हणतीत? आणि तुझ्याच चेडवान लिवलाहा, मी नाय." लेखाची छापील प्रत त्यांनी घडी करून आईपुढे ठेवली. ते आठवड्यात तीनदा आले.

आई ती प्रत रोज वाचायची. बोट ठेवून, ओठ हलवत. दर्शनाने एकदा हिसकावून घेतली तर दुसऱ्या दिवशी कांताकडून नवी आणली. दर्शना चिडून म्हणाली, "आई, ती जाहिरात आहे. क्लिनिकची जाहिरात. मी पैसे घेऊन लिहिते." आई म्हणाली, "वाचताना बरा वाटला गो. असो नवरो कोणाक नको?" मग जरा वेळाने, डाळ निवडता निवडता, "तू लिवलंस म्हणजे खराच आसतला. माझ्याच ध्यानात नाय रवला." आईला सगळं आठवत होतं, तिला थंडीत डावा हात वर करता येत नव्हता. पण शिकलेल्या मुलीने लिहिलेलं, छापून आलेलं, अख्ख्या मुंबईने वाचलेलं, त्याच्यापुढे खांद्याचं काय चालणार? तशात डॉक्टरांना सत्काराची कल्पना सुचली. ते स्वतः लालबागला जाऊन मामांना निमंत्रण देऊन आले, बाक बघून भारावले. आज सकाळी दर्शना निघताना आई कपाटातून साड्या काढत होती. सत्कार झाला की बुधाजीकाका तिला न्यायला येणार होते. नवऱ्याचा सत्कार होतो आणि बायको लेकीकडे, हे दिसायला बरं दिसत नाही, एवढंच ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत थांब," दर्शना म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलते." चार वर्षांत न बोललेली आज बोलणार होती. काय बोलणार हे तिला सव्वादहालाही ठाऊक नव्हतं.

अकराला तीस-बत्तीस माणसं जमली. ललिताबाई पहिल्या रांगेत. बुधाजीकाका मोबाइल उंच धरून. बाबा आले ते पांढरा इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, आणि केवढेसे झालेले. सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. त्यांना बघून दर्शनाला वाईट वाटलं. राग येईल म्हणून ती तयार होती, ह्याची तयारी नव्हती. डॉक्टरांनी शाल घातली, नारळ दिला. बाबांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "मी काय एक केलंय नाय," म्हणाले, "देवान हाताक गुण दिल्यान." मागच्या एका बाईने डोळे पुसले. टाळ्या संपेनात. मग डॉक्टर म्हणाले, "मामा, एकदा दाखवा ना, कसं बसवायचात ते. नुसतं दाखवायचं, कॅमेऱ्यासाठी." नूपुरने तिपाईवर फोन लावलेलाच होता. "मॅम, तुम्हीच बसा ना! बाप-लेक. एकदम भारी रील होईल." तीस चेहरे तिच्याकडे वळले, सगळे प्रेमळ. अशा वेळी नाही म्हणायला जे लागतं ते तिच्यापाशी कधीच नव्हतं. ती स्टुलावर बसली.

हात तेच होते. माणूस आटला होता, हात आटले नव्हते. एक पंजा तिच्या उजव्या खांद्याच्या खोबणीवर बसला, दुसऱ्याने कोपराखाली धरलं. तपकिरीचा वास आला. "हात ढिलो सोड," ते म्हणाले, आणि तिने काही ठरवायच्या आत तिच्या हाताने ते ऐकलं. त्यांनी तो हळूहळू बाहेर नेला, वर नेला, मागे नेला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसत विचारलं, "आवशीक कधी धाडतंस?" ललिताबाईंनी टाळी वाजवली. "बघा बघा, प्रश्न विचारला! लेखात आहे ना!" सगळे हसले. लेख सगळ्यांचा पाठ होता. दर्शनालाही कळलं होतं, सगळं कळलं होतं, की प्रश्नाला अर्थ नसतो, की उत्तर देऊ नये, तोंड उघडू नये. पण ह्या एका प्रश्नाला उत्तर न देणं तिला जमणारं नव्हतं. त्याच उत्तरासाठी ती इथे आली होती. "आई येणार नाही..." एवढं तरी म्हणायचं होतं. 'आई ये...' म्हणेपर्यंत झटका बसला.

हाड बाहेर गेलं. बसण्याचा झटका वेगळा असतो आणि काढण्याचा वेगळा, आणि तिच्या खांद्याला दोन्ही माहीत होते. डोळ्यांपुढची माणसं पांढरी झाली. ओरडायला छाती भरावी लागते, ती भरेना. बाबांनी हात तसाच धरून ठेवला, बाहेर. एक, दोन, तीन मोजून होतील इतका वेळ. त्यांचं तोंड तिच्या कानाशी आलं. "लिवलंस ना, हाताक गुण आसा म्हणान? मगे बघ." मग अंगठा रुतला, कोपर फिरलं, कड् झालं आणि हाड आत गेलं. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बुधाजीकाकांनी शिट्टी घातली. टाळ्यांच्या मधोमध तिने डॉक्टरांकडे बघितलं. आठ वर्षं सांधे शिकलेला माणूस, त्याला कळलं होतं. त्याच्या तोंडावरचं रक्त गेलेलं तिला स्पष्ट दिसलं. टाळी वाजवायला उचललेले त्याचे हात मधेच थांबले, त्याने तीस माणसांकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि हात एकमेकांवर आपटले. "वा!" डॉक्टर म्हणाले. "वा, मामा!"

आतल्या खोलीत डॉक्टरांनीच तिच्या हाताला झोळी बांधली. क्लिनिकची निळी झोळी, तिच्यावर 'ताठ'. "अंदाज चुकला असेल गं. वय झालंय त्यांचं." "चुकला नाही," ती म्हणाली. डॉक्टर गाठ मारत राहिले. "एक्स-रे काढून घेऊ. सगळा खर्च क्लिनिकचा. आणि आज तू कॅप्शनबिप्शन काही लिहू नकोस, नूपुर बघेल. तू आराम कर." खरंच काळजीने म्हणाले ते. खाली येऊन तिला टॅक्सीत बसवलं, ड्रायव्हरला हळू न्यायला सांगितलं. टॅक्सी परळला पोचायच्या आत फोन वाजायला लागला. रील लागलं होतं. तिने डाव्या हाताने लावून बघितलं. स्वतःचं उघडं तोंड दिसलं, ते आश्चर्याने हसल्यासारखं दिसत होतं. खाली बदाम, हात जोडलेले, 'असे वडील मिळायला भाग्य लागतं'. तिने ते सहा वेळा बघितलं. सहाव्यांदा तिने ठरवलं की ह्या म्हाताऱ्याची बोटं मोडायची. दहाच्या दहा, एकेक करून, पाट्यावर ठेवून वरवंट्याने. करंगळीपासून सुरू करायची, म्हणजे पुढच्याची वाट बघता येईल. मनगट उलटं फिरवायचं. त्याने कळवळून 'गो बाय' म्हटलं की विचारायचं, दुखतंय? कितवा नंबर आला? लालबाग मागे पडेपर्यंत तिने त्यांचं कोपर सोडवलं, खांदा सोडवला, गळपट्टीचं हाड अंगठ्याने दाबून तोडलं. दीड वर्षाच्या लेखांमुळे माणसाचं कुठलं हाड कुठून सुटतं हे तिला पाठ होतं. तिला त्या सगळ्याने बरं वाटत होतं, अगदी शरीरात बरं वाटत होतं, खांद्याची कळसुद्धा कमी झाल्यासारखी वाटली, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

दार उघडंच होतं. आई खाटेवर बसली होती, नेसून, केस विंचरून, पायाशी पिशवी. दोन साड्यांनिशी आलेली, चार वर्षांत दोनाच्या आठ झाल्या होत्या, पिशवी फुगली होती. तिने झोळी बघितली. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. उठून जवळ आली, झोळीची गाठ मानेवर होती ती सोडून बाजूला घेतली, कापडाचा ताण बोटाने अजमावला. डॉक्टरांपेक्षा चांगली बांधली तिने. "त्यांनी काढला," दर्शना म्हणाली. "सगळ्यांसमोर. मुद्दाम. तू बघ, व्हिडिओ आहे. आई, मी लिहिलेलं सगळं खोटं होतं. खरं होतं पण खोटं होतं. कळतंय ना तुला?" आईने मान हलवली. कळत होतं. मग तिने विचारलं, "लगेच बसवल्यान ना?"

उत्तराची वाट न बघता आई म्हणाली, "मगे झाला तर. मी गेलंय काय शांत होतीत ते. माझ्यापायी तुझो हात कित्याक?" आणि वाकून पिशवी उचलली. जिन्यावर बुधाजीकाकांच्या चपला वाजत होत्या, कांताला ते सांगत होते, रील बघितला काय? दर्शना म्हणाली, "आई, पिशवी ठेव." आई दाराकडे वळली. "आई, ठेव म्हटलं ना!" हा आवाज तिने स्वतःचा असा कधी ऐकला नव्हता. तो चढलेला नव्हता. तिचा डावा हात पुढे गेला आणि आईच्या डाव्या खांद्यावर पडला. अंगठा मागे, चार बोटं पुढच्या खोबणीत, बरोबर जिथे हाड सैल होतं तिथे. तिने जागा शोधली नव्हती, हाताला सापडली. तिने दाबलं आणि मागे ओढलं.

पिशवी पडली. आई ओरडली नाही. वळून तिने उजवं कोपर तोंडासमोर धरलं, डोळे घट्ट मिटले, अंग ढिलं सोडलं आणि उभी राहिली. तिचं हे रूप दर्शनाने समोरून कधी बघितलं नव्हतं. समोर उभं राहून बघणारा माणूस आजवर एकच होता. "नाय जात," आई कोपराआडून म्हणाली, भराभर, पाठ असल्यासारखं. "खंयच नाय जात. मारू नको. तू सांगशीत तसा."

दर्शनाने हात काढून घेतला. काढून घ्यायला तिला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लागला. बुधाजीकाका दारात येऊन "काय गो, तयारी झाली?" म्हणाले, तर आईच त्यांना म्हणाली, आज नको भावोजी, चेडवाक बरा नाय, मी हयसरच रवतंय. ते गेले. आईने दार लावलं, पिशवीतल्या साड्या एकेक करून परत कपाटात ठेवल्या, घड्या नीट जुळवून, दर्शनाकडे न बघता. मग तिने डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि तिच्याकडे बघून हसली. जिन्यावरचं हसू नव्हतं ते. "भात गरम करू?" तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलली नाही. दर्शनाने मान हलवल्यावर आई तिला लांबून वळसा घालून, भिंतीला लागून, ओट्याकडे गेली.